शेवटच्याचा ओ

“मी ओरडलो होतो, मामा. एवढं तरी मानता का नाही तुम्ही?”

घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून रखमाजीमामा बुडबुडा शोधत होते.

“‘चर आहे, चर!’ असं ओरडलो. दोनदा. हात खाली करून दाखवलंही. मागच्या सातही जणांनी ऐकलं. विचारा कुणालाही.”

“तुझ्या मागं किती होते?”

“आठ.”

मामांनी ट्यूब चार बोटं पुढं सरकवली.

हर्षद घमेल्याकडं बघू लागला.

मी तिथंच बाकड्यावर बसलो होतो. माझं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान. आठवड्यातून एकदा घाटाच्या नाक्यावर यायचं, मामांना टायर-ट्यूब द्यायच्या, चहा घ्यायचा आणि निघायचं, ही तीस वर्षांची रीत. दोघांच्या बोलण्यात तोंड न घालता ते पुरतं ऐकायचं, हे दुकानदाराला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी मी लवकर उठून निघालो असतो तर बरं झालं असतं.

हा हर्षद म्हणजे आमच्या गावातले मुळूक सर. फिजिक्सचे क्लास घेतात. शंभर मुलं एका खोलीत, आणि माइक नाही. ते अभिमानानं सांगायचे, “माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.” जायचाच.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक परदेशी सायकल आणली. एका बोटावर उचलावी इतकी हलकी. पाहता पाहता आठ-दहा जण जमले. डॉक्टर, वकील, एक औषधवाला, आणि पोस्टातून निवृत्त झालेले दत्तात्रय कुलथे. ‘पहाट सायकल मंडळ’ असं नाव ठेवलं, पिवळे सदरे शिवले. दर रविवारी सारोळ्याचा घाट चढायचा, उतरायचा, आणि खाली मिसळ खायची.

सायकल सगळ्यांना येत होती. ओळीत चालवणं कुणाला येत नव्हतं. म्हणून मीच त्यांना मामांकडं घेऊन आलो होतो.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचे. ऐन उमेदीत वीस वर्षं त्यांनी सायकलवरून दूध वाहिलं. घाटावरच्या वाड्यांतून दोन्ही बाजूंना कॅन लटकवून आठ-नऊ सायकली पहाटे एका ओळीत खाली उतरायच्या. मामा सगळ्यांत पुढं.

त्यांनी या मंडळींना बसवून शिकवलं. दोन सायकलींत एका सायकलीची जागा सोडा. पुढच्याच्या चाकाकडं बघत बसू नका, त्याच्या खांद्यावरून रस्ता बघा. न सांगता ब्रेक लावू नका. मागून गाडी आली की जोडीनं चालणाऱ्यांनी एकामागं एक व्हा. आपल्याला दिसलेला खड्डा आपल्यापुरता चुकवला तर तो चुकवला नाही, मागच्याच्या अंगावर ढकलला.

आणि शेवटी सांगितला तो ओ.

ती दूधवाल्यांची रीत. पुढचा रस्ता सांगणार, खड्डा, वाळू, गुरं, काय असेल ते. मधल्यांनी तोंड उघडायचं नाही. फक्त शेवटच्यानं ओ द्यायचा. तो ओ कानावर येईपर्यंत पुढच्यानं ब्रेकवरची बोटं उचलायची नाहीत.

मंडळींनी ती रीत सहा महिने पाळली. कुलथेकाका वयानं मोठे आणि सगळ्यांत धिमे, म्हणून ते शेवटी. त्यांचा ओ असा खणखणीत, की झाडावरची वानरं फांदी बदलायची.

मग हर्षदनंच ती मोडली.

चरीत पडून गेलेल्या त्या कुलथ्यांचा आज बारावा दिवस होता.

“मला संध्याकाळी पाचला त्यांच्याकडं जायचंय,” हर्षद म्हणाला. “उद्या तेरावं. काकूंनी बोलावलंय. त्यांना एकच विचारायचंय.”

“काय?”

“‘ह्यांना सांगितलं होतं ना तुम्ही?’ एवढंच. दवाखान्यातही विचारलं होतं. तेव्हा मी... तेव्हा डॉक्टर आले आणि राहून गेलं.”

“मग सांग की. ओरडला होतास म्हणतोस.”

“ओरडलो होतो!”

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

हर्षदनं माझ्याकडं पाहिलं. मी चहाची बशी फुंकू लागलो. चहा केव्हाच निवला होता.

“तुम्ही एकदा म्हणा, मामा,” तो म्हणाला. “तुम्ही शिकवलंत आम्हाला. तुम्ही म्हणालात, की हर्षद, तुझं चुकलं नाही, तर मी त्या घरात मान वर करून जाईन. नाहीतर माझा पाय उचलत नाही.”

मामांनी ट्यूब पाण्यातून काढली. फडक्यानं पुसली. पुन्हा पाण्यात घातली.

“चर केव्हा दिसली तुला?”

“वळण संपताच. रस्त्याचं काम चालू आहे तिथं. आडवी खणून ठेवलेली. फळी नाही, दगड नाही, काही नाही. डावीकडून दोन हात वाट होती. मी ओरडलो, हात केला, डावीकडं घेतलं. सगळे मागोमाग डावीकडून निघाले.”

“सात.”

“हो... सात.”

“कुलथे किती मागं होता?”

“असेल पन्नास-साठ पावलं. उतारावर ते नेहमीच मागं राहायचे. जपून उतरायचे.”

“तुझा आवाज पोचतो तिथवर?”

“माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत...” म्हणता म्हणता तो थांबला.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

“पोचला असता, मामा,” हर्षद हळू आवाजात म्हणाला. “पण त्यांच्या कानात ते होतं.”

“काय होतं?”

“इअरफोन. गाणी ऐकत होते. पोलिसांनी सामान परत दिलं त्यात निघालं. मी कुणाला बोललो नाही. गेलेल्या माणसाला कशाला दोष द्यायचा?”

“मोठ्या मनाचा आहेस.”

मामा हे साध्या आवाजात म्हणाले, पण हर्षदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“टोमणा नका मारू, मामा. मी नियमानं वागलो. त्यांनी नियम मोडला. हे खरं आहे का नाही?”

“खरं आहे.”

“मग झालं तर!”

“सामानात निघाल्यावर कळलं तुला?”

“काय?”

“कानात होतं ते. पोलिसांनी दिल्यावर कळलं, का आधी?”



मामा ट्यूब तशीच पाण्यात धरून थांबले. घाई त्यांना कधीच नव्हती. पंक्चर काढणाऱ्या माणसाला वाट बघता येते. हवा कुठून जाते ते ट्यूबच दाखवते, फक्त पाणी हलवायचं नाही.

“निघताना बघितलं होतं,” हर्षद म्हणाला.

“कुठं?”

“स्टँडपाशी. सगळे जमलो तेव्हा. ते एका कानात घालत होते. मला बघून हसले. ‘सर, तुमचं चालू द्या, मी येतो मागनं,’ म्हणाले.”

“मग?”

“मग काय... वयानं मोठा माणूस. आठ जणांसमोर कसं टोकायचं? आणि सात मिनिटं उशीर झाला होता. म्हटलं, खाली उतरल्यावर मिसळ खाताना सांगू गमतीगमतीत.”

“पहिल्यांदा घातलं होतं का त्यानं?”

“नाही. बरेच दिवस घालायचे.”

“कधीपासून?”

हर्षदनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“ओ बंद केला तेव्हापासून,” तो म्हणाला. “मी म्हटलं होतं ना, की आपण काय गुरं वळतोय का? लोक बघून हसतात. हाताच्या खुणा पुरेत, जगभर तसंच करतात. सगळे हो म्हणाले. काका काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मला म्हणाले, ‘सर, आता मागं एकट्याला करमत नाही. काही कामच राहिलं नाही बघा.’ त्यानंतरच्या रविवारी कानात गाणी.”

मामांनी मान हलवली. रागानं नाही. एखादा पत्ता सांगावा आणि समजल्याची मान हलावी, तशी.

“म्हणजे त्याला ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक होतं.”

“...हो.”

“आन् तू ओरडलास.”

“हो.”

“दोनदा.”

“हो, मामा.”

“मग कुणासाठी ओरडलास?”

...

मी या धंद्यात पन्नास वर्षं आहे. माझ्याकडं एकदा एक गिऱ्हाईक आलं होतं. ब्रेकची रबरं घेतली. मी म्हटलं, ही मागच्या चाकाला चालतील, पुढच्याला लावू नका, धरत नाहीत. त्यानं मान हलवली. कानाला फोन होता. तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मान त्यानं फोनवरच्या माणसाला हलवली होती. मी हाक मारायला दारापर्यंत गेलो, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. पुढं त्याचं काय झालं ते मी विचारायला गेलो नाही. मी सांगितलं होतं ना, म्हणून.

मामांचा प्रश्न हर्षदला होता. पण बशी मी खाली ठेवली.

“सगळ्यांसाठी ओरडलो,” हर्षद शेवटी म्हणाला.

“सगळ्यांना तुझा हात दिसत होता.”

“रीत म्हणून ओरडलो मग! पुढच्यानं ओरडायचं असतं म्हणून! तुम्हीच शिकवलंत ना?”

तो उठून उभा राहिला. बाकडं माझ्यासकट कलंडता कलंडता राहिलं.

“तुम्ही सगळे मला फासावर द्यायला टपलात. चर मी खणली नव्हती. फळी लावायचं काम माझं नव्हतं. कानात गाणी मी घातली नव्हती. मी एकटाच असा होतो, की ज्यानं तोंड उघडलं. आणि मीच गुन्हेगार?”

“तुला कुणी म्हणलं गुन्हेगार?”

“तुमचं तोंड म्हणतंय.”

“माझं तोंड असंच आहे. आमच्या आईलापण आवडत नव्हतं.”

एरवी यावर हर्षद हसला असता. मामांच्या तोंडावरून त्या दोघांत नेहमी थट्टा चालायची.

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतराला हात पुसले.

“तुझ्यापाशी आहे का ते कानातलं?”

“आहे. का?”

“घाल.”

“मामा, हे काय आता...”

“घाल म्हणलं ना. गाणं लाव. कुलथे लावायचा तसं, मोठ्यानं.”

हर्षदनं खिशातून डबी काढली. दोन्ही कानांत पांढऱ्या बिया बसवल्या. मोबाईलवर बोट फिरवलं. बाहेर मलाही बारीक टिकटिक ऐकू आली.

मामांनी हातानं खूण केली. पाठ कर.

तो घाटाकडं तोंड करून उभा राहिला. समोर रस्ता वर चढत गेलेला. पहिल्या वळणापलीकडं काही दिसत नाही.

मामा त्याच्या मागं गेले. दोन हातांवर थांबले. आणि बोलले. हळू नाही. चांगलं खणखणीत बोलले.

“तुझं काही चुकलं नाही, लेकरा. तू काही केलं नाहीस. घरी जा. झोप आता.”

रस्त्यापलीकडं हापशावर एक बाई घागर भरत होती. तिनं दांडा सोडून इकडं पाहिलं.

मी ऐकलं. त्या बाईनं ऐकलं. हर्षद घाटाकडं बघत उभा होता. त्याच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर ठेका धरत होतं. त्याच्या नकळत.

मामांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

त्यानं कानातलं काढलं. “काय?”

“सांगितलं.”

“काय सांगितलंत?”

“जे ऐकायला आला होतास ते.”

“मला ऐकू नाही आलं.”

“मी तर सांगितलं. शेठ साक्षीला आहेत.”

हर्षदनं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. त्याहून जास्त काही करणं मला जमलं नाही.

“काय म्हणाले हो, शेठ?”

मी मामांकडं पाहिलं. मामा परत घमेल्यापाशी जाऊन बसत होते.

“पुन्हा सांगा ना, मामा,” हर्षद म्हणाला. त्याचा आवाज एकदम शाळेतल्या पोरासारखा झाला. “एकदाच पुन्हा सांगा.”

“तुला मिळालं का कुलथ्याला पुन्हा सांगायला?”

...

तो खालीच बसला. तेलाचे डाग पडलेल्या मातीत, इस्त्रीच्या पँटीनिशी. बराच वेळ गुडघ्यांत डोकं घालून होता. बाई घागर घेऊन गेली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण चार वाजून गेले असावेत, कारण शाळेची गाडी वर गेली.

मग त्यानं डोकं वर काढलं. डोळे कोरडे होते. त्याची मला जास्त भीती वाटली.

“कळलं, मामा,” तो म्हणाला. “ओ मोडायला नको होता. ओ असता तर काका वाचले असते. कानात गाणी घातलीच नसती. माझी बोटं ब्रेकवर राहिली असती. उतारावर मी थांबलो असतो, मागं आलो असतो. हेच ना?”

मामा ट्यूब फिरवत राहिले.

“मी ओ पुन्हा सुरू करतो. काकांच्या नावानं. घाटाच्या तोंडाशी फलक लावतो. जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळांना शिकवतो. काकूंना तेच सांगतो आज. की काका गेले, पण त्यांचा ओ...”

“थांब.”

मामांनी इतक्या जोरात म्हटलं, की मीही दचकलो.

“ओ चा फलक लावू नकोस.”

“का? तुमचीच रीत आहे.”

“माझी आहे म्हणूनच म्हणतो.”

त्यांनी ट्यूब पाण्यात सोडून दिली. ती वेटोळं करून तरंगत राहिली.

“आमच्या ओळीत शेवटी लिंबाजी असायचा,” मामा म्हणाले. “अंगानं थोराड, दोन कॅन जास्तीचे नेणारा. वजनामुळं मागं राहायचा. एवढ्या वर्षांत मी रस्ता सांगितला आन् लिंबाजीचा ओ आला नाही, असं झालं नाही. त्याच्या पुढं सोपान. सोपान म्हणजे त्याचा मावसभाऊ.”

हर्षद ऐकत होता.

“चव्वेचाळीस वर्षं झाली. थंडीचे दिवस. याच घाटात, वरच्या अंगाला, दरडीतून दगड आले होते रस्त्यावर. मी आवाज दिला, ‘दगड, उजवीकडं दगड.’ ओ आला. मी बोटं उचलली. ब्रेक सोडला आन् खाली आलो. वळणावर वाट बघत उभा राहिलो. सहा आले. सोपान आला...”

मामांनी रस्त्याकडं बोट केलं.

“मग दूध आलं.”

“काय?”

“रस्त्यावरून. उतारानं. पांढरं, एवढं रुंद. माझ्या पुढच्या चाकापाशी आलं, चाकाला वळसा घालून खाली गेलं. माणसाच्या आधी दूध आलं, लेकरा.”

हर्षदनं रस्त्याकडं पाहिलं.

“डोकं दगडावर. जागच्या जागी गेला. मी वर पळत गेलो. त्याच्या घरी सांगायला मीच गेलो. त्याची बायको गोदा. पदरात दोन पोरी. रडली नाही. मला विचारलं, ‘त्यांना सांगितलं होतं का तुम्ही?’ मी म्हणलं, ‘सांगितलं होतं बाई. त्यानं ओ दिला होता.’ ती म्हणाली, ‘ओ दिला होता?’ मी म्हणलं, ‘मोठ्यानं दिला.’ मग रडली. ‘म्हणजे शेवटचा शब्द ओ होता त्यांचा,’ म्हणाली. ते धरून बसली. आल्यागेल्याला सांगायची. हाकेला ओ देऊन गेले म्हणायची.”

“मग ते...” हर्षद म्हणाला. “मग ओ देऊनही का धडकले?”

“ओ त्यानं दिलाच नव्हता.”

घमेल्यातल्या पाण्यावर एक बुडबुडा आला आणि फुटला. मामांनी तो पाहिला. ट्यूबला हात लावला नाही.

“तेराव्याला सगळे जेवून गेले. सोपान मला गोठ्यामागं घेऊन गेला. पायावर पडला. म्हणाला, लिंबाजीला चार महिन्यांपासून ऐकू येत नव्हतं. आजारातून उठला तेव्हा कान गेलेले. कुणाला बोलला नाही. बहिऱ्याला ओळीत कोण घेणार? आन् ओळ नाही तर पहाटे एकट्यानं कसला घाट उतरतोय? दूध बंद, चूल बंद. सोपानला कळलं होतं. त्याला दया आली. मी आवाज दिला की लिंबाजीच्या जागी सोपान ओ द्यायचा. त्याच्यासारखा घोगरा आवाज काढून. चार महिने. मला वाटायचं लिंबाजी आहे, सगळं नीट आहे.”

“आणि त्या दिवशीही...”

“त्या दिवशीही आला ना ओ. रोजच्यासारखा. सोपान एरवी ओ देऊन मागं वळायचा, हातानं त्याला दाखवायचा. त्या दिवशी त्याची स्वतःची सायकल दगडावरून घसरली. ती सावरण्यात गुंतला. पण ओ द्यायला चुकला नाही.”

“ते सोपान कुठं आहेत आता?”

“पायावर पडला त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. कुठं गेला, आहे का नाही, कुणाला ठाऊक नाही.”

हर्षद मातीतून उठला. पँट झटकायचं त्याला सुचलं नाही. एक पाऊल पुढं आला.

“म्हणजे ओ आला तरी माणूस मरतो.”

“मरतो.”

“नाही आला तरी मरतो.”

“मरतो.”

“मग पुढच्यानं करायचं काय, मामा?”

मामांनी त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना शंभर जणांना शंभर गोष्टी सांगताना पाहिलं आहे. चाकातला बाक कसा काढावा, चेन कशी बसवावी, दारू कशी सोडावी, सून कशी नांदवावी.

“मला वाटायचं तुला ठाऊक असंल,” ते म्हणाले. “शिकलेला आहेस.”

हर्षद हसला. तसलं हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही.

त्यानं भिंतीला टेकवलेली आपली सायकल घेतली. ती परदेशी, हलकी. आज ती जड असल्यासारखी ओढत रस्त्यापर्यंत नेली. पाचाला थोडा अवकाश होता. कुलथ्यांचं घर इथून अर्ध्या तासावर.

रस्त्याच्या कडेला तो थांबला.

“मामा,” पाठमोराच म्हणाला, “काकूंना ‘हो, सांगितलं होतं,’ म्हणालो तर ते खोटं नाही.”

“नाही.”

“त्यांना बरं वाटेल.”

“वाटंल.”

“आणि इअरफोनचं सांगितलं, मी स्टँडवर बघितलं होतं हे सांगितलं, तर...”

“तर तुला बरं वाटंल.”

तो वळला. उन्हं तिरपी झाली होती, डोळ्यांवर हात धरून त्यानं मामांकडं पाहिलं.

“तुम्ही गोदाबाईंना सांगितलंत ना? सोपाननं सांगितल्यावर? की तो ओ त्यांच्या नवऱ्याचा नव्हता म्हणून?”

मामांनी ट्यूब उचलली. बुडबुडा जिथून आला होता तिथं अंगठा ठेवला. दाबून धरला.

“सांगितलंत ना, मामा?”

...

“उद्या शुक्रवार,” मामा म्हणाले. “बाजाराला येईल गोदा. म्हातारी झाली आता, इथं बाकड्यावर टेकती, पाणी पिती. उद्यापण विचारंल, ‘रखमाजीभाऊ, ओ दिला होता ना त्यांनी?’ आन् मी म्हणीन, हो.”